नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा. युद्ध कोणी जिंकले, हे कसे कळले?

सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपान या क्षत्रप राजाची. मात्र त्यातील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसराच ठसा होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी, मागे उज्जैन चिन्ह आणि नाव गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाचे.

साधारण १९०० वर्षांपूर्वी नाशिक परिसर नहपानाच्या ताब्यात होता. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांना (आजची पांडवलेणी) ३,००० कार्षापणांची देणगी दिली. ही रक्कम विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून होती. २,००० वर दरमहा एक टक्का, १,००० वर पाऊण टक्का व्याज. त्यातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर खर्च भागायचा. थोडक्यात, क्षत्रपांचे इथे नुसते सैन्य नव्हते, आर्थिक व्यवहारही चांगला रुजला होता.

मग गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. शत्रूची नाणी वितळवून नवी पाडण्यापेक्षा त्यांच्यावरच आपला ठसा मारणे सोपे आणि स्वस्त. शिवाय बाजारात ज्याच्या हाती नाणे पडेल, त्याला राज्य बदलल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

स्तुती एकीकडे, हुकूम दुसरीकडे

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री. मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी तिने लेणे क्रमांक ३ मध्ये मोठा लेख कोरवून घेतला. क्षहरात वंशाचा निःपात करणारा, शक-यवनांना नमवणारा, असे मुलाचे भरभरून वर्णन त्यात आहे. आईने मुलाबद्दल लिहिलेले, तेव्हा थोडे सांभाळूनच वाचायला हवे. पण नाण्यांनी त्यातल्या मुख्य दाव्याला पुष्टी दिली.

याच लेण्यात गौतमीपुत्राचे दोन सरकारी हुकूमही आहेत आणि माझ्या मते ते स्तुतीपेक्षा जास्त बोलतात. पहिला त्याच्या १८व्या राज्यवर्षातला, गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताच्या नावे. पश्चिम कखडी गावातील २०० निवर्तने जमीन, जी आजपर्यंत उषवदाताकडे होती, ती त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावी. सातबाऱ्यावरचे नाव बदलावे, इतक्या कोरड्या भाषेत सत्तांतर नोंदवले आहे.

दुसरा हुकूम २४व्या वर्षातला. राजासोबत त्यात राजमातेचेही नाव आहे. कखडी गावात आम्ही दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्तीही नाही, असे तो सांगतो. गाव का ओस पडले, हे त्यात नाही. ते युद्धामुळेच घडले, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण क्षत्रपांकडून जिंकलेल्या मुलखातले हे गाव सहा वर्षांनंतरही रिकामे होते, एवढे खुद्द विजेत्याच्याच कागदावर आहे.

भिक्षूंना त्याऐवजी नगराच्या हद्दीवरची सरकारी जमीन मिळाली, पण १०० निवर्तने. म्हणजे आधीच्या निम्मी. सवलती मात्र सोबत होत्या. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचे नाही आणि मिठासाठी खणायचे नाही.