मुलाखतीच्या आदल्या दिवशीचा ताप

वर्षभर अभ्यास करावा, लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवावेत, निवडक उमेदवारांच्या यादीत नाव यावे आणि महाविद्यालयाच्या प्रवेश-मुलाखतीच्या ऐन आदल्या दिवशी अंगात ताप भरावा, असे पुष्कळ घरांत घडते. घरची मंडळी मग दोहोंपैकी एका निष्कर्षाला येतात. कोणी म्हणतो, नशीबच फुटके. कोणी म्हणतो, पोराने भीतीने अंथरूण धरले. आमच्या मते हे दोन्ही निष्कर्ष उतावळेपणाचे आहेत. हा आजार का येतो, तो मुलाखतीत नेमके काय बिघडवतो आणि अशा वेळी काय करावे, या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

पहिले कारण अगदी साधे, म्हणजे ऋतूचे. आपल्याकडील व्यवस्थापन संस्थांच्या मुलाखती बहुधा जानेवारी ते मार्च या काळात होतात; ऑक्सफर्डच्या डिसेंबरात. हे दिवस सर्दी-पडशाचे आणि फ्लूचेच. त्यात शिकवणीवर्गातील दाटी आणि रेल्वेचा प्रवास यांची भर. नेहमीच्या सर्दीचे विषाणू शरीरात शिरल्यावर साधारणतः एक ते तीन दिवसांत नाक वाहू लागते. तेव्हा सोमवारच्या मुलाखतीला आडवी आलेली सर्दी पुष्कळदा शुक्रवारीच घरात आलेली असते.

परंतु ऋतू सर्वांना सारखाच असतो. मग एकच का आजारी पडतो? इंग्लंडात सॉल्सबरी येथे केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र होते. तेथे ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या मनावरील ताण आधी मोजला व मग त्यांच्या नाकात विषाणूंचे थेंब घातले. १९९१ साली शेल्डन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताण सर्वांत कमी असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, सर्वांत अधिक असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना. कोहेन यांच्याच १९९८ सालच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. महिनाभर किंवा त्याहून अधिक चाललेल्या ताणाने सर्दीचा धोका वाढला. थोड्या दिवसांच्या ताणाने तो वाढलेला दिसला नाही. तेथील ताण बेकारीचे आणि घरगुती कलहाचे होते, परीक्षेचे नव्हते, हे खरे. तरीही बोध घेण्याजोगा आहे. घात करते ती आदल्या रात्रीची धाकधूक नव्हे, तर महिनोन्‌महिने घरात साठवलेली धास्ती. झोपेचेही तसेच. २००९ सालच्या प्रयोगात सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना, आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांच्या मानाने, सर्दी होण्याचा संभव जवळजवळ तिप्पट आढळला. रात्री जागून केलेल्या तयारीचे मोल कधी कधी असे मोजावे लागते.

आता दुसरा प्रश्न. लेखी परीक्षेत तापलेला विद्यार्थी प्रश्न दोनदा वाचू शकतो. मुलाखतीत ती सोय नाही. सॉल्सबरीच्याच केंद्रातील प्रयोगांत असे आढळले होते की, फ्लू झालेल्या माणसाचा अनपेक्षित क्षणी येणाऱ्या खुणेला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. मुलाखत म्हणजे तरी दुसरे काय? प्रश्न केव्हा आणि कोठून येईल हे ठाऊक नसते. उत्तर यायला दोन क्षण अधिक लागतात, आवाज बसलेला असतो, चेहरा उतरलेला असतो. समोर बसलेल्या परीक्षकांना ताप दिसत नाही. दिसतो तो निरुत्साह. शरीराच्या अवस्थेचा दोष अशा रीतीने स्वभावाच्या माथी मारला जातो, आणि खरी हानी होते ती येथेच.

मग करावे काय? प्रथम थर्मामीटर लावावा. पोटात गोळा येणे, तळहातांना घाम सुटणे, वारंवार शौचास जावे लागणे ही बहुधा नुसत्या धास्तीची लक्षणे असतात आणि बोलणे सुरू झाल्यावर ती ओसरतात. पण पारा १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर तो ताप आहे असे समजून चालावे आणि डॉक्टरांना दाखवावे. दम लागणे, अंगावर पुरळ येणे, पाणीही पोटात न ठरणे अशी लक्षणे असतील, तर मुलाखतीचा विचार बाजूस ठेवून आधी दवाखाना गाठावा.

औषधांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्दीवरील पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन नावाचे द्रव्य असते. त्याने नाक थांबते, पण डोळ्यांवर झापड येते. मुलाखतीच्या सकाळी शेजाऱ्यांनी दिलेली अशी गोळी घेऊन जाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे. प्रतिजैविकांचा तर विषाणूंवर उपयोगच नाही. आल्याचा वा गवती चहा, मेतकूट-मऊ भात, भरपूर पाणी आणि झोप यांनी आजार पळत नसला तरी अंगात तग राहतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आजार लपवू नये. मुलाखतीच्या बोलावण्याच्या पत्रात बहुधा संपर्काचा पत्ता किंवा दूरध्वनी असतो. तेथे त्याच दिवशी, मुलाखतीपूर्वी, दोन ओळी लिहाव्यात आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून दुसरी तारीख मिळेल का, किंवा घरून संगणकावर मुलाखत देता येईल का, असे विचारावे. निकालानंतर सांगितलेला आजार सबब वाटतो. आधी सांगितलेला आजार माहिती ठरतो. तारीख बदलून मिळाली नाही आणि जाण्याइतकी शक्ती असली, तर मुखपट्टी बांधून जावे आणि बसताच एका वाक्यात सांगावे, “मला काल ताप होता, आवाज बसला आहे.” याहून अधिक रडगाणे नको, याहून कमीही नको.

आपल्याकडे मात्र हे सांगण्यात कमीपणा वाटतो. “दुबळा समजतील, बोलू नकोस,” असे वडीलधारेच बजावतात. पण संस्था नेहमीच पाषाणहृदयी असतात असे नाही. २०२० साली वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा १३ सप्टेंबरला झाली. कोविडमुळे किंवा प्रतिबंधित क्षेत्रात अडकल्यामुळे जे मुकले, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने १४ ऑक्टोबरला ती पुन्हा घेण्यात आली. लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षेत हे होऊ शकते, तर पाचपन्नास उमेदवारांच्या मुलाखतींत एक राखीव दिवस ठेवणे अशक्य कसे म्हणावे?

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय प्रवेशासाठी एका लांब मुलाखतीऐवजी दहाएक छोट्या मुलाखतींची पद्धत आणली. प्रत्येक ठिकाणी परीक्षक निराळा. एकाच परीक्षकाच्या लहरीवर सारे अवलंबून राहू नये, हा तिचा हेतू. हेतू चांगला, परंतु ज्याला ताप आहे त्याला तो दहाही ठिकाणी असतो. परीक्षक बदलून हा अन्याय टळत नाही, दिवस बदलूनच टळतो.

ज्या संस्थेला तरुणांची पारख करायची आहे, तिने त्यांची प्रकृती बरी असताना ती करावी. आणि ज्या घराला आपल्या मुलाने वा मुलीने तेथवर पोहोचावे असे वाटते, त्याने मुलाखतीपूर्वीच्या महिन्यात तिची चर्चा थोडी कमी करावी व रात्री दिवे थोडे लवकर मालवावेत.