गोटी, अंडे आणि उसाची ट्रॉली

या वेळच्या भित्तिपत्रकात मी टकरीविषयी माहिती लिहीत आहे. हा विषय खरा तर मोठ्या वर्गाचा आहे. माझ्या ताईच्या नववीच्या पुस्तकात 'गतीचे नियम' असा धडा आहे, त्यात तो येतो. पण टक्कर आपल्याला रोज दिसते, म्हणून आपल्यालाही समजतो. दशांश अपूर्णांकाची उदाहरणे ताईने करून दिली आहेत, कारण ती आम्हाला अजून नाहीत. बाकीचे गुणाकार माझे आहेत.

पहिल्यांदा एक शब्द पाठ करा. तो शब्द म्हणजे संवेग. वस्तूचे वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार केला की संवेग येतो. (पुस्तकात वजनाला वस्तुमान म्हणतात, पण मी वजनच लिहिणार, म्हणजे आजीलाही वाचता येईल.) वजन किलोत घ्यायचे आणि वेग सेकंदाला किती मीटर असा घ्यायचा.

आता माझेच उदाहरण घ्या. माझे वजन ३० किलो. मी जोरात पळालो तर सेकंदाला ४ मीटर जातो. ३० गुणिले ४ म्हणजे १२०. हा झाला माझा संवेग. उसाची बैलगाडी पाहा. गाडी आणि ऊस मिळून २००० किलो धरू. बैल सावकाश चालतात, सेकंदाला १ मीटर. २००० गुणिले १ बरोबर २०००. म्हणजे गाडी माझ्यापेक्षा कितीतरी हळू चालते, तरी तिचा संवेग माझ्यासारख्या सोळा-सतरा पळणाऱ्या मुलांइतका आहे. हळू चालणारी वस्तू गरीब असते असं आपल्याला वाटतं. तसं काही नसतं.

संवेग असलेली वस्तू दुसरीला धडकली की काय होतं, ते गोट्यांवर चांगलं कळतं. दोन लाकडी पट्ट्या शेजारी शेजारी ठेवा. मध्ये गोटी मावेल पण बाजूला जाणार नाही एवढी फट ठेवा. त्यात पाच गोट्या एकमेकीला चिकटवून ठेवा आणि सहावी गोटी टिचकीने सोडा. खट् आवाज होतो, आणि पलीकडच्या टोकाची एकच गोटी सुटून जाते. मधल्या जागच्या जागी राहतात. दोन गोट्या एकदम सोडल्या तर पलीकडून दोन जातात. आमच्या वर्गात सगळ्यांनी करून पाहिलं. पहिल्यांदा कोणाला खरं वाटत नव्हतं. मधल्या थोड्या हलतात, कारण आपल्या गोट्या काही अगदी सारख्या नसतात आणि त्या गडगडतही असतात.

याचं कारण असं की, पहिल्या गोटीने गमावलेला संवेग दुसरीला मिळतो. तिच्याकडून तिसरीला. असा करत करत तो शेवटच्या गोटीला मिळतो आणि तिच्यापुढे कोणी नसतं म्हणून ती पळते. बाहेरून कोणी ढकललं किंवा अडवलं नाही, तर टकरीच्या आधीचा सगळा संवेग आणि टकरीनंतरचा सगळा संवेग सारखाच भरतो. नववीच्या पुस्तकात याला 'संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत' म्हणतात. नाव अवघड आहे, पण हिशेब वाण्याच्या वहीसारखा आहे. एकाकडून गेले ते दुसऱ्याकडे जमा.

हिशेबात दिशासुद्धा धरावी लागते. चिखलाचे सारख्या वजनाचे दोन गोळे समोरासमोरून सारख्या जोराने एकमेकांवर मारले तर ते चिकटतात आणि खाली पडतात. एकाचा संवेग इकडे, दुसऱ्याचा तिकडे, म्हणून बेरीज शून्य.

हे शोधून काढायला मोठमोठ्या विद्वानांना वेळ लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ साली टकरीचे नियम काय आहेत हे विद्वानांना विचारले होते. वॉलिस, रेन आणि हायगेन्स अशा तिघांनी उत्तरे दिली. हायगेन्स हे हॉलंडचे, त्यांनीच लंबकाचे घड्याळ केले. पुढे १६८७ साली न्यूटन यांनी आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात गतीचे तीन नियम लिहिले. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढी मोठी माणसे कोणत्या गोळ्याने कोणत्या गोळ्याला मारले तर काय होते याचा विचार करत होती. आम्ही गोट्या खेळलो की मात्र घरी रागावतात.

वजनं सारखी नसली की गंमत वेगळी होते. माझ्याकडे ट्रॅक्टरच्या जुन्या बेअरिंगमधला लोखंडी छर्रा आहे. तो गोटीपेक्षा बराच जड आहे. छर्रा सोडला आणि काचेची गोटी स्थिर ठेवली, तर गोटी लांब उडते आणि छर्रा थांबत नाही, तसाच पुढे जातो. उलट केलं, म्हणजे गोटी छर्‍यावर मारली, तर छर्रा जरासा सरकतो आणि गोटीच मागे उडते. दोन्ही वेळी उडाली ती हलकी वस्तू. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरा भाग. तो मला जास्त आवडतो.

चालती वस्तू थांबवायची म्हणजे तिचा सगळा संवेग काढून घ्यायचा. तो एका झटक्यात काढला तर जोर फार लागतो आणि सावकाश काढला तर जोर कमी लागतो. काढायचा संवेग मात्र तेवढाच असतो. जोर गुणिले वेळ म्हणजे आवेग. संवेगात जेवढा फरक पडतो तेवढाच आवेग असतो. वेळ वाढवली की जोर कमी होतो.

आमच्या गावची मोठी मुलं सीझन बॉलने खेळतात. त्याचं वजन सुमारे १६० ग्रॅम. समजा तो सेकंदाला २० मीटर वेगाने आला. ०.१६ गुणिले २० म्हणजे संवेग ३.२ झाला. हात ताठ धरून तो सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला तर ३२० न्यूटन जोर बसतो. (न्यूटन यांच्या नावाने जोर मोजतात.) म्हणजे तेवढ्या वेळात हातावर सुमारे ३२ किलोचं ओझं पडल्यासारखं होतं, माझ्या वजनापेक्षा जास्त. पण चांगला खेळाडू बॉल घेताना हात हातभर मागे नेतो. मग बॉल थांबायला सेकंदाचा विसावा भाग मिळतो. वेळ पाचपट झाली, म्हणून जोर पाचवा हिस्सा, साडेसहा किलोइतकाच. बॉल तोच, हात तेच.

अंड्याचा प्रयोगही आम्ही केला. आजीच्या कोंबडीची दोन अंडी उबवणीत वाया गेली होती, तीच तिने दिली. चांगली अंडी द्यायला ती तयार नव्हती. एक अंडे छातीइतक्या उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडले, फुटले. दुसरे तेवढ्याच उंचीवरून भुशाच्या ढिगात सोडले, ते फुटले नाही. उंची सारखी म्हणून दोघांचा वेग जवळजवळ सारखाच होता. फरशीने अंड्याला लगेच थांबवलं आणि भुशाने दबत दबत थांबवलं. फरशीचा वास दोन दिवस गेला नाही, त्यामुळे हा प्रयोग अंगणात करावा.

हे एकदा कळलं की सगळीकडे दिसायला लागतं. तालमीत पैलवान रोज आखाड्याची लाल माती खोऱ्याने उकरून मऊ करतात. आपटी बसली तर माती दबते आणि हाड वाचतं. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू असते ती यासाठीच. उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो, ते तर कोणी शिकवलेलंसुद्धा नसतं.

काही कामांत मात्र उलटं पाहिजे असतं. लोहाराला जोरच हवा असतो. म्हणून तो तापलेलं लोखंड ऐरणीवर ठेवून घण मारतो. मातीत ठेवून मारलं तर माती दबेल आणि लोखंड तसंच राहील. पातळ फळीत खिळा मारताना फळी हलते आणि खिळा आत जात नाही. तेव्हा सुतार फळीमागे दगड लावतात. मग हातोडी लगेच थांबते, जोर जास्त बसतो आणि खिळा आत जातो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

आपल्या शाळेसमोरून हंगामात दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात. शाळा सुटली की काही मुलं ट्रॉलीमागे पळतात आणि ऊस ओढतात. कोणी दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांड्यावरही चढतं. मी नावं लिहीत नाही, भित्तिपत्रक पालक वाचतात. ही मुलं म्हणतात, ट्रॅक्टर काय सावकाशच असतो, पडलो तर ड्रायव्हर थांबवेल.

तर हिशेब करू. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून १५,००० किलो धरू. वेग तासाला १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. संवेग झाला ७५,०००. माझा होता १२०. आपल्या शाळेचा पट ६८ आहे. सगळी शाळा एका दिशेने पळाली तरी ८,१६० होतात. अशा नऊ शाळा पळाल्या तर एका ट्रॅक्टरची बरोबरी होईल. मला एकट्याला बरोबरी करायची असेल तर सेकंदाला २,५०० मीटर पळावं लागेल. हवेत आवाजसुद्धा सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो!

हा ७५,००० संवेग एका सेकंदात काढायला साडेसात टन वजनाइतका जोर लागेल. तेवढा जोर ट्रॅक्टरच्या ब्रेकला नसतो. माझे काका ट्रॅक्टर चालवतात. ते म्हणाले, "आमच्या ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. सगळं ओझं ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. उतारावर तर मागचा ऊसच ट्रॅक्टरला ढकलत असतोय." म्हणून थांबायला आपण ३ सेकंद धरू. त्यात गाडी साडेसात मीटर जाते. त्याआधी ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो, त्यात ५ मीटर. सगळे मिळून साडेबारा मीटर. आमचा वर्ग ६ मीटर लांब आहे. म्हणजे दोन वर्ग ओलांडून मग गाडी थांबते. आणि हे ड्रायव्हरला दिसलं तर! ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. काका म्हणतात, मागं कोण लटकलंय ते आरशात दिसतच नाही. मागच्या ट्रॉलीचं चाक दांड्यापासून किती जवळ आहे ते गाडी उभी असताना जाऊन पाहा. तिथे साडेबारा मीटर नाहीत.

गोटी आणि छर्रा आठवा. आपण गोटी आहोत.

पालकांसाठीही एक माहिती आहे. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोकं रस्त्यावर आपटलं की तो थर चेपतो आणि डोक्याला थांबायला जास्त वेळ मिळतो, भुशातल्या अंड्यासारखा. बाहेरचं कडक कवच धक्का पसरवून देतं. एकदा चेपलेला थर परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये. पट्टा लावला नाही तर डोकं टेकण्याआधीच हेल्मेट निघून जातं. पुष्कळ घरी हेल्मेट आणलेलं आहे, पण ते खुंटीला असतं किंवा गाडीच्या आरशाला. आमच्याही घरी खुंटीलाच होतं. अंड्याचा प्रयोग झाल्यावर ते बाबांच्या डोक्यावर आलं. वासामुळे प्रयोग त्यांच्या चांगला लक्षात राहिला असं आई म्हणते.

रात्री उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते, तिलाही मागून मोटारसायकल धडकते. ट्रॉली हलत नाही, सगळा धक्का मोटारसायकलवाल्याला. ज्यांची ट्रॉली आहे त्यांनी मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत. आमच्या काकांनी लावले आहेत, आणि त्यावर धूळ बसली की ते मी पुसतो.

ज्यांना ऊस खायचा आहे त्यांनी मला किंवा वर्गप्रमुखाला नाव द्यावे. आमच्या शेतात ऊस आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर काका एक मोळी फाटकाशी टाकणार आहेत. विळा गुरुजींकडे राहील. चोथा बाहेर न टाकता कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकावा.