पिशवी काढण्याआधी

‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाकू.’ डॉक्टरांनी एवढं सांगितलं की घरात धावपळ सुरू होते. पैसे कुठून आणायचे, मुलांना खालाकडे ठेवायचं का, गाडी कोणाची सांगायची. पिशवी खराब म्हणजे नेमकं काय झालंय, हे मात्र कुणी विचारत नाही. डॉक्टरसाहेब नाराज होतील, ही भीती. तवक्कुल म्हणजे डोळे मिटून सही करणं नव्हे, हे अशा वेळी आठवत नाही.

अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षं शरमेपोटी सोसतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ होत्या. यातले कितीतरी आजार जंतुसंसर्गाचे, गोळ्या-औषधांनी बरे होणारे असतात.

तपासणी टळत गेली की शेवटी थेट ऑपरेशनच समोर येतं. बीडमध्ये काय झालं ते सर्वांनी वाचलं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

म्हणून आधी विचारावं. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घ्यावा, गाठ असेल तर किती मोठी ते समजून घ्यावं. लहान गाठीला पुष्कळदा ऑपरेशन लागतच नाही. रक्तस्राव जास्त असेल तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं का? गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी, अस्तराचा तुकडा काढून तपासणी झाली का? पुरुष डॉक्टरची अडचण वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागावी, नसेल तर नर्सला किंवा घरातल्या बाईला जवळ थांबू द्यावं. रक्तस्राव थांबतच नसेल, जीवावर बेतलं असेल, तर मात्र वेळ घालवू नये.

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी एक तपासणी हवीच, सिकलसेलची. पोटात कळा येण्याचं कारण कधी कधी तोच आजार असतो. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना जास्त काळजी घ्यावी लागते. ‘तो आपल्यात नसतो’ असं आपल्या मोहल्ल्यात सर्रास म्हणतात. त्याला काही आधार नाही. प्राथमिक तपासणीला रक्ताचे काही थेंब पुरतात.

सहीचंही तसंच. १९९५ साली दिल्लीत समीरा कोहली तपासणीसाठी गेल्या, भुलेत असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही. प्रौढ, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या वतीने, जीव धोक्यात नसताना, आईने दिलेली संमतीही चालत नाही. आपल्याकडे तर शौहर सही करतात आणि बाईला वॉर्डात गेल्यावर कळतं.

सिरोंच्याहून गडचिरोलीला यायचं म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त. ‘आलोच आहोत तर उरकून टाकू’ असं वाटणं साहजिक आहे. तरी सगळे रिपोर्ट एका पिशवीत घालून चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावेत. त्यात एक दिवस जाईल.