नाताळातले नक्षत्र

'नाताळ' हा शब्द मराठीला पोर्तुगिजांकडून मिळाला. पण गोमंतकात नाताळाचे घर सजते ते इथल्याच बांबूने, गवताने आणि नारळाने.

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती वाड्यांवर नक्षत्राची तयारी सुरू होते. बांबूच्या कामट्या तासायच्या, पाच टोके सुताने आवळायची, त्यांवर पतंगी कागद खळीने चिकटवायचा, आत दिवा सोडायचा आणि ते बल्कांवापुढे टांगायचे. आमच्या ओसरीवरचा दिवाळीतला आकाशकंदील तरी याहून काय वेगळा असतो?

मग गोठा. आसिसीच्या संत फ्रान्सिसाने इटलीतील ग्रेच्चो गावी १२२३ साली ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हापासून ही चाल रुळली असे मानतात. आमच्याकडे गोठ्याला गवताचे छप्पर येते. कुरणासाठी काही दिवस आधी नाचणी रुजत घालतात. नवरात्रातले रुजवण ज्याने पाहिले आहे, त्याला हे नाते वेगळे समजावून सांगायला नको. गव्हाण मात्र २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. जन्माआधी बाळाला निजवायचे कसे?

हे साम्य सुखासुखी टिकलेले नाही. १७३६ साली इन्क्विझिशनच्या फर्मानाने देशी ख्रिस्त्यांना दारी तुळस लावण्यास, धोतर नेसण्यास मनाई केली. त्याआधी १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले होते. ख्रिस्तजन्माची कथा तिथे मराठी ओवीत आली. फर्मान अंगणात चालले, चुलीवर मात्र ते पुरते चालले नाही. नाताळाच्या ताटात आजही नेवऱ्या असतात, माडाच्या गुळाचा दोदोल असतो, आणि वरून विस्तव ठेवून थरावर थर भाजलेले बेबिंकही असते. हे ताट शेजारी धाडायचे, ही खरी कोंसवाद. चतुर्थीच्या नेवऱ्या आमच्या घरून त्यांच्याकडे जातात, नाताळाच्या त्यांच्या घरून आमच्याकडे येतात.

तयार नक्षत्रे आता बाजारात मिळतात, विजेच्या माळाही मिळतात. कागदाऐवजी प्लॅस्टिक आले म्हणून मी गळा काढणार नाही; ज्या घरात माणसे आहेत, तिथे प्लॅस्टिकचे नक्षत्रही शोभते. मला सलतात ती बंद घरे. कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी पोर्तुगाल-इंग्लंडात. मागे कुलूप आणि काळोखा बल्कांव. ताट घेऊन जायचे तर कोणाच्या दारी?

परगावी गेलेल्यांना कोणी बोल लावू नये. पोटासाठी गोमंतकीय पूर्वीपासून बाहेर पडत आले आहेत. पण ज्याच्या शेजारी असे घर आहे, त्याने यंदा घरवाल्यांना विचारून एक नक्षत्र तिथेही लावावे. शेजारी हिंदू असला तरी काय बिघडले? कामट्या बांधण्याची कला त्यालाही येतेच. ६ जानेवारीला, तीन राजांच्या फेस्ताला, ते उतरवून पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवावे.