चुलीपाशी उभा असलेला संत

उंची जेमतेम वीतभर. अंगात फ्रान्सिस्कन संन्याशाचा पायघोळ झगा, कमरेला गाठी मारलेला दोर, हातात पळी किंवा भांडं, कधी पायाशी एखादं मांजर. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात स्पॅनिश वंशाच्या अनेक कॅथलिक घरांत ही लाकडी मूर्ती थेट स्वयंपाकघरात ठेवतात. हा सान पास्कुआल, स्वयंपाक करणाऱ्यांचा आश्रयदाता संत.

पास्कुआल बायलोन १५४० साली स्पेनमधल्या आरागॉनात जन्मला. गरिबाघरचा पोर, विशी ओलांडेपर्यंत मेंढ्या राखल्या आणि राखता राखताच वाचायला शिकला. पुढे मठात गेला, तरी धर्मगुरू झाला नाही. दारावर उभं राहायचं, भिक्षा मागून आणायची, रांधायचं, वाढायचं, हीच त्याची कामं. १७ मे १५९२ रोजी विलारेआल इथे तो वारला आणि १६९० साली चर्चने त्याला संतपद दिलं. स्वयंपाकघराचा मान मात्र त्याला लोकांनी दिला. चुलीवर भांडं असतानाच त्याची प्रार्थनेत तंद्री लागे आणि देवदूत येऊन स्वयंपाक उरकून जात, अशी आख्यायिका आहे. मेक्सिकोतला प्रसिद्ध ‘मोले’ रस्साही प्वेब्लाच्या मठातल्या कुणा पास्कुआलच्या हातून झाला म्हणतात. आमचा संत समुद्र ओलांडून कधी गेलाच नव्हता, पण ज्याच्या नावावर चव जमते त्याला लोक आपला मानतात.

अशी मूर्ती म्हणजे ‘बुल्तो’ आणि ती घडवणारा ‘सांतेरो’. लाकूड बहुधा कॉटनवुडच्या मुळाचं. नदीकाठी वाढणाऱ्या या झाडाचं वाळलेलं मूळ वजनाला हलकं आणि सुरीला मऊ असतं, सहसा तडकत नाही. हात पुष्कळदा वेगळे कोरून खुंटीने बसवतात.

खरं कसब मला पुढच्या कामात दिसतं, कारण ते जवळजवळ स्वयंपाकच आहे. जिप्समचा दगड भाजायचा, कुटायचा, बारीक चाळायचा. जनावराच्या कातड्याचा सरस मंद आचेवर विरघळवायचा. इथे नजर हटवून चालत नाही, कारण उकळी फुटली की सरसाची पकड जाते. मग दोन्ही एकत्र करून दाटसर लेप करायचा आणि तो पातळ थरांनी मूर्तीवर चढवायचा; एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. शेवटी घासलं की लाकडाच्या शिरा नि भेगा बुजून पांढराशुभ्र पृष्ठभाग तयार होतो. लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांपासून, निळा निळीपासून, पिवळा-तांबडा मातीतून, काळा काजळीतून. वरून पिन्योन झाडाची राळ मद्यार्कात विरघळवून फासली की रंग खोल होतात, थोडे मधासारखे दिसू लागतात.

ही कला गरजेतून वाढली. न्यू मेक्सिको तेव्हा स्पेनची वसाहत होती; मेक्सिको शहरापासून शेकडो कोस दूर असलेल्या या वसाहतीत सामानाचे तांडे काही वर्षांतून एकदा येत. गावोगावच्या देवळांना आणि घरांना संत हवे होते, म्हणून ते तिथल्याच झाडामातीतून घडले. १८८० च्या सुमारास रेल्वे आली आणि तिच्यासोबत साच्यातल्या प्लास्टरच्या मूर्ती नि छापील तसबिरी स्वस्तात आल्या. सांतेरोंची मागणी आटली. पण १९२५ साली न्यू मेक्सिकोतल्याच सांता फे शहरात अशा कलांसाठी संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिने ‘स्पॅनिश मार्केट’ भरवलं. तिथल्याच कोर्दोवा गावचे सांतेरो होसे दोलोरेस लोपेस यांनी तर रंगाला फाटा देऊन उघड्या लाकडावरच नक्षी कोरली. त्यांचे पुत्र जॉर्ज यांना १९८२ साली अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान मिळाला.

साच्यातला पास्कुआल आजही दुकानात स्वस्त मिळतो, गुळगुळीत आणि चकचकीत. हातच्या मूर्तीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो, झग्याच्या चुणीत सुरीचा घाव राहून गेलेला असतो. स्वयंपाकघरासाठी घ्यायचाच झाला, तर लहान घ्या, पण हातचा घ्या.