उष्टी काढणाऱ्यांची नावं

गेल्या महिन्यात लेकीने घरी 'डाउनटन अ‍ॅबी'चा पहिला भाग लावला. पहाटेची वेळ. हवेलीत मोलकरणी उठतात, चुली-शेगड्या पेटवतात, पडदे सारतात. एक नोकर मालकाच्या वर्तमानपत्राला इस्त्री करतो, कारण ओली शाई उमरावाच्या बोटांना लागता कामा नये. साल १९१२. त्या अंकात टायटॅनिक बुडाल्याची बातमी आहे आणि ती आधी नोकरांच्या हातून जाते, मग मालकाच्या न्याहारीला पोहोचते. त्या जहाजावर हवेलीचा वारस होता. वरच्या मजल्यावर इस्टेटीची चिंता सुरू होते, तर खालच्या मजल्यावर आपल्या चाकरीचं काय होणार याची.

मला आजी आठवली, आणि १९८७ साल.

त्याआधीच्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण आमच्या पूर्णा गावात टीव्ही यायला बरीच वर्षं लागली. तेव्हा ठाणे-भिवंडी रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेती होती. भिवंडीच्या बाजूला गेलं की यंत्रमागांची खडखड ऐकू यायची. आळीत एकाच घरी टीव्ही होता. वारा सुटला की पोरं पत्र्यावर चढून अँटेना फिरवायची.

१९८७मध्ये 'स्वामी' आली. रणजित देसाईंच्या १९६२च्या कादंबरीवरची मालिका, दिग्दर्शक गजानन जागीरदार. रवींद्र मंकणी माधवराव झाले होते आणि सोळा वर्षांची मृणाल देव रमाबाई. ओसरीपासून अंगणापर्यंत माणसं बसायची. बायका हातातलं टाकून यायच्या. आजी पुढेच बसायची, भिंतीला टेकून.

आजीची ऐन उमेदीची वर्षं कल्याणच्या एका सावकाराच्या वाड्यात गेली होती. भांडी, धुणी, सारवण, बाळंतिणीचं शेकणं, सगळं तिच्याकडे. वाड्यात तिचं नाव कुणी विचारलं नाही. सगळे तिला 'पूर्णावाली' म्हणत. एक बाई एवढी वर्षं एका घरात राबली आणि त्या घरात तिला तिचं नाव मिळालं नाही.

मालिकेत एकदा पेशव्यांच्या घरची पंगत होती. चौरंग, समया, रांगोळ्या. सगळ्यांचे डोळे दिपले. आजी मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "यवऱ्या पंगती उठल्या रं, उष्टी कोनी कारली?" लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

शेवटच्या भागात थेऊर आलं. १८ नोव्हेंबर १७७२, माधवराव अवघे सत्तावीस वर्षांचे, क्षयाने खंगलेले. रमाबाई सती गेल्या तेव्हा अंगणात एकही डोळा कोरडा नव्हता. आजीही रडली. नंतर एवढंच म्हणाली, की क्षयाच्या माणसाची थुंकी, घाम, अंथरूण कोणीतरी बदललं असेल, त्याला कोणी विचारलं का? मग नावांची पाटी सुरू झाली. तिला वाचता येत नव्हतं. "वाच, नोकरांची नावा यतान का बग," म्हणाली. मी वाचायला लागलो आणि नेमकी लाइट गेली.

पुढची सात-आठ वर्षं मी त्या प्रश्नामागे घालवली. कॉलेजच्या ग्रंथालयात, ठाण्यात, सुट्टीत पुण्याला. एक गोष्ट पक्की कळली. आपल्या इतिहासात चाकराचं नाव ठळक उरतं ते दोन वेळा: त्याने धन्याचा घात केला तर, किंवा धन्यासाठी जीव दिला तर. माधवरावांनंतर वर्षही पुरं झालं नाही, तोच ३० ऑगस्ट १७७३ला, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. जीव वाचवायला काका राघोबादादांना मिठी मारलेल्या अठरा वर्षांच्या पेशव्याला पाय धरून ओढलं ते तुळाजी पवार या चाकराने. त्याच्यावर आडवा पडून गारद्यांचे वार अंगावर घेतले ते चापाजी टिळेकर या हुजऱ्याने. पुढे राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांवर १९४४मध्ये प्रभातने चित्रपट काढला, जागीरदारांनीच ती भूमिका केली. चापाजीच्या वाट्याला गोष्टीतली एक ओळ आली.

खाडीपलीकडचं ठाणंच घ्या. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्या किल्ल्यात इंग्रजांनी त्रिंबकजी डेंगळ्यांना कोंडलं होतं. १८१६च्या सप्टेंबरात ते निसटले. घोड्यांना खरारा करणारा एक मोतद्दार गाण्यांतून त्यांना सुटकेची खूण देत होता, अशी कथा आहे. पहारेकऱ्यांना त्या गाण्यात काही वावगं वाटलं नाही, कारण चाकराच्या गाण्याकडे लक्ष द्यायची त्यांना सवयच नव्हती. त्रिंबकजींचं नाव पाठ्यपुस्तकात आहे. त्या मोतद्दाराचं नाव मला कुठे सापडलं नाही.

सामग्री नाही म्हणून हे राहिलं, असं कुणी म्हणू नये. गो. स. सरदेसायांनी १९३०च्या दशकात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमाल बांधलेले आहेतच. हुजरे, खिजमतगार, पाणके, मशालजी, फरास ही सारी माणसं त्या जमाखर्चात आहेत. कुणबिणी आहेत, ज्यांची खरेदी-विक्री होत असे. गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेणारा कायदा यायला १८४३ साल उजाडावं लागलं. शनिवारवाड्यावरच्या किती मालिकांत तुम्ही विकत घेतलेली बाई पाहिली?

त्या वर्षांत मी चापाजी टिळेकरावर एकांकिका लिहिली. खुनाच्या आदल्या रात्री हुजऱ्यांच्या खोलीत काय बोलणं झालं असेल, एवढंच तीत होतं. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "हुजऱ्याला बघायला कोण येणार?" मी वही मिटली ती कायमची. आज त्यांना उत्तर देतो: माझी आजी आली असती. भिवंडीच्या मागांवरचे, वीटभट्ट्यांवरचे, वाड्यांच्या मोऱ्यांत हात फुटलेले सगळे आले असते.

विलायतेत हे उत्तर दोन नट्यांनी दिलं होतं. जीन मार्श आणि आयलीन अ‍ॅटकिन्स या साध्या, कष्टकरी घरांतल्या मुली. मोठ्या घरांच्या मालिकांत नोकर दिसतच नाहीत, हे त्यांना खुपलं. त्यातून १९७१मध्ये 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' आली आणि मार्श स्वतः त्यात मोलकरीण रोझ झाल्या. त्या वाटेने पुढे २०१०मध्ये 'डाउनटन' आली. मार्श २०२५च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्या दोघींना पडलेला प्रश्न आणि आजीने अंगणात विचारलेला प्रश्न एकच होता. त्यांच्याजवळ पडदा होता, आजीजवळ मी होतो, आणि मी हसलो होतो.

आपल्या साहित्याने हे काम केलं, हे मी कृतज्ञतेने सांगतो. दया पवारांचं 'बलुतं' १९७८चं. पण छोटा पडदा त्या वाटेला गेला नाही. खासगी वाहिन्या आल्या, सेट भव्य झाले, २००८मध्ये 'राजा शिवछत्रपती', २०१९मध्ये पुन्हा रमाबाईंची 'स्वामिनी'. पैठण्या वाढल्या, संवाद चढे झाले. तबक घेऊन येणारी बाई अजून तबक ठेवून मुकाट मागे सरते. 'स्वामी'त निदान माणसं हळू बोलायची, आजीला प्रश्न पडायला उसंत मिळायची. ती उसंत गेली, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

आज आमच्या भातखाचरांवर गोदामं आहेत. मुंबईत कुणी बोटाने पडद्यावर टिचकी मारली की इथे एक पोरगा धावत फडताळातून खोकं काढतो, पट्टी लावतो, गाडीत टाकतो. रात्रपाळी सुटली की ही पोरं आमच्या ओट्यावर चहाला टेकतात. वरचा मजला आता खाडीपलीकडे आहे आणि खालचा मजला आमचं गाव. खोकं घेणाऱ्याला त्यांचं नाव कळत नाही.

म्हणून जुनी वही मी पुन्हा उघडली आहे. एकांकिकेतले हुजरे तसेच आहेत, एक पात्र नव्याने घातलं आहे. पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा करणारी बाई. तिला मी आजीचं नाव दिलं आहे, पूर्णावाली नव्हे, खरं. प्रयोग आमच्याच अंगणात होईल, आणि शेवटी सगळी नावं मी मोठ्याने वाचणार आहे. लाइट गेली तरी थांबणार नाही.