सातव्या मजल्यावर वृक्ष उपकर!

असं धरू की तुम्ही मुंबईत सातव्या मजल्यावर राहता. घरात झाडं म्हणाल तर खिडकीतली तुळस आणि एक मनी प्लँट. तरी महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात एक ओळ असते, वृक्ष उपकर! तिच्या आजूबाजूला बघा: सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, पथ कर. आईबाबांनी फ्लॅट विकत घेतला, कर्जाचे हप्ते चालूच आहेत. मग हे आणखी पैसे कशाचे?

चला, पाण्यापासून सुरुवात करू आणि नळ सोडून बघू. हे पाणी बहुधा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातून आलंय. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं तिथलीच. तानसा तर 1892 पासून मुंबईला पाणी देतंय! अशा एकूण सात जलाशयांतून शहराला रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी मिळतं. ते गाळायचं, त्यात क्लोरीन घालायचं, मैलोन्‌मैल पाइपातून आणायचं, गंजलेले पाइप बदलायचे. या सगळ्याला पैसा लागतो. शिवाय तुम्ही जेवढं पाणी वापरता, त्याचं मीटरप्रमाणे वेगळं बिल सोसायटीच्या नावानं येतं. सांडपाणी वाहून नेण्याचा आकारही त्यातच, पाण्याच्या बिलाच्या प्रमाणात.

खरी गंमत पुढेच आहे. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. घरात चौघं असाल तर झाले 540 लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे तुमच्या एकट्या घरासाठी रोज अर्ध्या टनाहून जास्त वजन गच्चीवरच्या टाकीत चढतं! महापालिकेचं पाणी येतं खालच्या टाकीपर्यंत, वर चढवतो सोसायटीचा पंप. त्याची वीज, लिफ्ट, वॉचमन, जिन्यातले दिवे हा सगळा खर्च दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येतो.

तो वाटायचा कसा? सोसायट्यांसाठी आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियम, आहेत. पाण्याचे पैसे घरातल्या नळांची संख्या आणि आकार बघून वाटतात. लिफ्टचे पैसे मात्र सगळ्यांना सारखे, तळमजल्यावाल्यांनाही! तुम्ही तळमजल्यावर राहत असाल तर आत्ता नक्की म्हणालात, ‘हे काय?’ पण लिफ्ट सगळ्या इमारतीच्या मालकीची असते, म्हणून मला हे पटतं. नळांचा हिशेब मात्र पटत नाही. दोन आजी-आजोबांचं घर आणि सहा माणसांचं घर, नळ सारखे म्हणून पैसेही सारखे? प्रत्येक घराला पाण्याचा मीटर हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता पुन्हा कराकडे. मुंबईत 2010 पासून कर ठरतो तो घराच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे हिशेबानं काढलेल्या किमतीवर. त्यात त्या भागातल्या जागेचा सरकारी दर, चटईक्षेत्र, इमारत कोणत्या प्रकारची, किती जुनी, घर कितव्या मजल्यावर, तिथं कुणी राहतं की दुकान चालतं, हे सगळं धरतात. म्हणून तुमचा आणि तुमच्या मित्राचा फ्लॅट अगदी एकाच मापाचा असला, तरी बिलं वेगळी येऊ शकतात. पुण्यात पद्धतच निराळी. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, यावरून कर ठरतो आणि मालक स्वतः राहत असेल तर 40 टक्के सवलत मिळते.

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2019 मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता. बाकीच्या ओळी बिलात तशाच राहिल्या, त्यामुळे लोक चक्रावले. 1 जानेवारी 2022 पासून त्या घरांचा सगळाच मालमत्ता कर माफ आहे. लहान घरात राहणाऱ्यांना हा मोठाच दिलासा. पण शेजारचं घर 510 चौरस फुटांचं असेल तर त्याला पूर्ण बिल! ही रेघ मला खुपते. सवलत हळूहळू कमी होत गेली असती तर बरं झालं असतं. आणि कर माफ झाला तरी पाण्याचं बिल आणि मेंटेनन्स भरावा लागतोच, तेव्हा छोटं घरही फुकट चालत नाही.

मालमत्ता कराचं बिल वेळेवर भरलं नाही तर महिन्याला 2 टक्के दंड. हजार रुपये थकले की दर महिन्याला वीस रुपये जास्त.

या रविवारी सेक्रेटरीकाकांकडे जा आणि सोसायटीचं कराचं नि पाण्याचं बिल बघायला मागा. एकेक ओळ वाचा. आणि रस्त्यावर पाइप फुटून पाणी वाहताना दिसलं, तर मोठ्यांना लगेच 1916 वर फोन करायला लावा. हा महापालिकेचा मदत क्रमांक आहे. त्या पाण्याचे पैसे तुमच्याही घरानं भरलेत.